सातव्या खांबाचा यार

कामिसुगी गावात कुजबुज होती, की त्सुरु आजीचा यार तिला रोज सकाळी देवळाच्या पश्चिमेकडच्या ओवरीत, सातव्या खांबापाशी भेटतो. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, वय त्र्याहत्तर, म्हणजे यारही काही कोवळा नसणार. पण गावाला त्याचं काय? टोफूवाल्या हारुएने तर डोळ्यांनी पाहिलेलं. म्हातारी खांबाला गाल लावून उभी, आणि कमरपट्ट्यातून भाताच्या पेंढ्याची काडी काढून कुणाला तरी दाखवतेय. खांबाआड कोण ते हारुएला दिसलं नाही, म्हणून ते तिने पदरचं भरलं. आधी निवृत्त झालेले मोठे भंते, मग शेजारच्या गावचा साके गाळणारा, आणि थंडी पडेपर्यंत दोघंही.

आजीच्या कानावर हे यायचंच. एकदा भर बाजारात हारुएच्या गाड्यापाशी थांबून तिने विचारलं, "दोन यार दिलेस गं मला, त्यात एखादा तरुण नव्हता का?" आणि रोजच्यापेक्षा एक टोफू जास्त घेऊन चालती झाली.

ती काकुजिरो सुताराची बायको. देवळाची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरात. खांब खालून कुजला की तेवढाच कापायचा आणि नवा तुकडा सांधायचा. पण झाड डोंगरावर ज्या तोंडाने उभं होतं, त्याच तोंडाने. उन्हाच्या बाजूला फांद्या जास्त, म्हणून गाठी जास्त; त्या गाठी देवळातही दक्षिणेलाच यायला हव्यात. उलटं बसलेलं लाकूड पिळतं आणि एक दिवस वरचं ओझं टाकून देतं, असं इथले सुतार मानतात. काकुजिरो याबाबतीत इतका कडक, की हाताखालच्या तात्सुझोने नुसता ओंडका उलट्या तोंडाने रचला तर तीन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. तो झोपेतही कूस बदलताना दिशा विचारतो, अशी चेष्टा चालायची.

यंदा देवळाला तेराशे वर्षं पुरी झाली. तरुण मठाधिपती काइशुन भंतेंना एका भक्ताने काशाचा कंदील दिला. उचलायला चार माणसं लागणारा. तो टांगायचं ठरलं सातव्या-आठव्या खांबामधल्या तुळईला, आणि खाली यात्रेकरूंची रांग.

त्सुरु आजी त्याच दुपारी भंतेंकडे गेली. तिथे नको, म्हणाली. का नको, ते काही केल्या सांगेना. भंते हसले, गावाने तर धमाल उडवली. म्हातारीला यार चेंगरायची भीती वाटतेय म्हणे. आजीचा पेच मात्र साधा होता. सांगावं तर एका मेलेल्या माणसाचं नाव जाणार, न सांगावं तर खांब.

उत्सवाच्या सकाळी ती ओवरीत गेली आणि सातव्या खांबाला पाठ लावून, पाय मुडपून बसली. मोजे घातलेले यात्रेकरू खोळंबले. चार गडी कंदील पेलून घामाघूम झाले.

"आजी, उठा. माणसं ताटकळलीत," काइशुन भंते म्हणाले.

"कंदील खाली ठेवायला सांगा. नाही ताटकळणार."

"अहो, तुमच्यामुळे देवळाचं नाव खराब होतंय. लोक काय बोलतात ते ठाऊक आहे ना?"

"नऊ वर्षं बोलताहेत, भंते. उठले का मी?"

मागून हारुए म्हणाली, "आज तरी नाव सांग गं त्याचं."

गर्दी खदखदली. आजीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने तात्सुझोला हाक मारली. आता देवळाचा सुतार तोच, पन्नाशी उलटलेला. कमरपट्ट्यातून काड्या काढून तिने बसल्याजागी हात मागे नेला आणि त्या एकेक करून सातव्या खांबाच्या भेगेत सारल्या.

"पहिल्या वर्षी एक जायची. आज तीन जातात."

तात्सुझो खाली बसत म्हणाला, "आजी, भेग कुठल्या खांबाला नाही?"

इथे तिला गप्प बसता आलं असतं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि खांबापासून दोन पावलं बाजूला झाली.

"मी जिथे टेकले होते, ती बाजू कुठली रे?"

"उत्तर."

"मग बघ आता."

तात्सुझोने पाहिलं. जोडाच्या खाली, सदा सावलीत असलेल्या उत्तरेच्या अंगाला, गाठीला गाठ लागून होती. दक्षिणेकडून त्याने हात फिरवला, तिकडे लाकूड गुळगुळीत. मग त्याने मान न वळवता गड्यांना कंदील खाली ठेवायची खूण केली.

"नाव हवं होतं ना, हारुए?" आजी म्हणाली. "काकुजिरो."

या खेपेला कुणी हसलं नाही.

सातव्या खांबाचा खालचा तुकडा काकुजिरोने घाईत उलटा बसवला होता. मरताना त्याने ते बायकोला सांगितलं. ती रोज सकाळी भेग मोजायला जायची, आणि कुणी आलं की गाठी अंगाने झाकायची.