नाव न लिहिणाऱ्या खैरनार अक्का

खैरनार अक्का कुठलंही वाक्य स्वतःच्या अंगावर घेत नसत. भाजी खारट झाली की म्हणायच्या, "मीठ जरा जास्त पडल्याचं दिसतंय." भाजी त्यांनीच केलेली असे. गल्लीत भांडण झालं, त्या खिडकीतून सगळं बघत होत्या, तरी विचारल्यावर उत्तर एकच, "काहीतरी झाल्याचं ऐकिवात आहे." शेजारच्या मंगलाबाईंनी एकदा भर ओट्यावर विचारलं, "अक्का, तुमचं लग्न तरी झालं होतं का, का तेही ऐकिवातच?" अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "झालं असल्याचं सांगितलं जातं बुवा."

धुळ्यात पाचव्या गल्लीत त्यांचा इंग्रजी टायपिंगचा क्लास होता. खाली खडखडणारी जुनी यंत्रं, वर एक खोली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी जळगावच्या पिंप्राळ्यातून कॉलेजसाठी आले आणि त्या वरच्या खोलीत राहू लागले. आमच्या घरात रद्दी विकली जायची, पण पत्रकं कधी नाही. बाबा सभेवरून गुलाबी, पिवळी पत्रकं आणायचे आणि मी ती जेवताना मोठ्यानं वाचायची. पत्रकात पहिल्याच ओळीत नाव असतं. कोणी मारलं, कोणी लुटलं, कोण जबाबदार. त्यामुळे अक्कांचं बोलणं ऐकून माझं डोकं फिरायचं.

त्या मुलांना टाइप करायला वाक्यंही तसलीच द्यायच्या. "इट इज रिपोर्टेड दॅट", "इट इज लर्न्ट दॅट", "इट इज स्टेटेड दॅट". असे कळते, असे समजते, असे सांगण्यात येते. कोणाला कळलं, कोणी सांगितलं, याचा पत्ताच नाही.

"अक्का, ही भित्र्यांची भाषा आहे," मी एकदा म्हणाले.

"हो तर. मी भित्रीच आहे." त्यांनी यंत्रावरची धूळ पुसली. "इंग्रजीत हा एक पडदा असतो, पोरी. साहेब लोक त्याच्यामागं लपतात. इतकी वर्षं कचेरीतल्या टायपिस्टकडून, म्हणजे माझ्याकडून, तोच शिवून घेतला गेला."

त्या भित्र्या होत्या हे खरंच होतं. दाराची कडी लावून पुन्हा हलवून बघायच्या. पोस्टमननं जोरात हाक मारली तरी हातातली वाटी सांडायची.

त्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर एक तरुण मेला. मोहाची फुलं वेचायला गेलेल्या बायकांना लाकडाच्या ठेकेदाराची माणसं हुसकावत होती. हा मध्ये पडला. त्याला झाडाला बांधून मारलं. पहिल्या चौकशीचा अहवाल आला, तो झाडावरून पडून मेल्याचा. मराठी अर्ज जिल्ह्यातच जिरत होते. कॉलेजात मी ज्या मोर्चेवाल्या मंडळात होते, त्याने ठरवलं, इंग्रजीत निवेदन करून थेट वर पाठवायचं. मी अक्कांना गळ घातली.

बाकीच्या बाया पळाल्या होत्या; त्याला मारताना पाहिलेली एकच बाई होती. तिला जमना म्हणू. ती अक्कांच्या क्लासमध्ये जमिनीवर बसली, कडेवर पोर. बाजारात शिकलेल्या अहिराणीत तिने सगळं सांगितलं. कोणी दोर आणला, कोणी पहिली काठी घातली, ठेकेदार कुठे उभा होता. मग अक्कांचा पाय धरला. "नाव नका लिखा, अक्का. मनं पोर लहान शे. त्या माले जित्ती ठेवाऊ नहीत."

ती गेल्यावर मी भडकले. "नाव नसेल तर ही नुसती अफवा होईल! साक्षीदार आहे आपल्याकडे. तिचं नाव, गाव, सगळं आलं पाहिजे."

अक्का कागद यंत्रात सरकवत होत्या. हात थांबला. "एकदा एका चौकशीत सालावर राबणाऱ्या एका सालदारानं खरं सांगितलं होतं. त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं अहवालात आलं. आणि अहवालाची प्रत ज्याच्याविरुद्ध होती, त्याच्याच घरी आधी पोचली." त्यांनी यंत्रातला कागद पुन्हा सरळ केला. "त्याचे दोन्ही हात मोडले. टाइप मी केलं होतं. एकही चूक नव्हती त्यात."

अक्कांच्या तोंडून "मी केलं" असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

निवेदनात त्यांनी लिहिलं, "इट इज स्टेटेड दॅट". दोर, काठी, ठेकेदार उभा होता ती जागा, सगळं आलं. सांगणारी मात्र कुठेच नव्हती.

निवेदन वर पोचलं आणि त्याची बातमी खाली. चौथ्या प्रहरी, क्लास सुटता सुटता दोन माणसं आली. एक दारात थांबला. दुसरा टाइपरायटरवर हात फिरवत आत आला. बोलणं अगदी गोड, घरच्या पाहुण्यासारखं.

"राम राम मॅडम. घर मस्त शे तुमनं. एकट्याच राहतस का?"

अक्कांनी यंत्रावर झाकण घातलं.

"आमनं तुमनाशी काही भांडन नही. कोन बोलनं, एवढं सांगा. चहा पिसूत आनि चालना जासूत."

"गावात तसं बोललं जातं," अक्का म्हणाल्या.

"गावले तोंड ऱ्हास का मॅडम? तोंड माणूसले ऱ्हास." त्याने माझ्याकडे पाहिलं. "ही पोर जळगावनी ना? पिंप्राळा?"

व्यासपीठावरून मी कलेक्टरांना आव्हान दिलं होतं, पण त्या एका शब्दानं माझी वाचा बसली. त्यांना माझं घर माहीत होतं. ते गेल्यावर अक्कांनी कडी लावली, हलवून पाहिली आणि मोरीत जाऊन ओकल्या. मला वाटलं, आता या कागद मागे घेतील. मला तसंच हवं होतं, हेही खरं.

पंधरवड्यानं नवे चौकशी अधिकारी आले आणि धुळ्यातच सुनावणी लागली. पाड्यावरच्या पंधरा-वीस बाया मागे जमिनीवर बसल्या होत्या. त्यांतच जमना होती, मांडीवर पोर झोपलेलं. पुढे खुर्चीत ठेकेदार. दाराशी ती दोन माणसं.

अधिकाऱ्यांनी निवेदन वाचलं आणि चष्मा काढला. "इट इज स्टेटेड. बाय हूम? हे कोणी सांगितलं?"

दारातली माणसं बायांचे चेहरे एकेक करून बघू लागली. कोण मान खाली घालतं, कोण कोणाकडे बघतं. मला जमनाकडे बघायचं नव्हतं, आणि मान आपोआप तिकडे वळेल अशी भीती वाटत होती. मी टेबलाच्या पायाकडे बघत राहिले. मागे पोर कुरकुरलं. कोणीतरी त्याला थोपटलं. कोणी ते सांगायला मी वळले नाही.

"कोणीच नाही?" ठेकेदार हसला. "साहेब, मी म्हटलं ना, हवेतल्या गप्पा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अक्का उभ्या राहिल्या होत्या.

"मी सांगितलं, साहेब. लिहिणारी मी."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांनी मला सांगितलं. नाव मी इथे देणार नाही."

"मग याला काय किंमत?"

अक्कांनी पिशवीतून पहिल्या चौकशीचा अहवाल काढला. कागद हातात इतका हलत होता, की त्यांना तो टेबलावर ठेवूनच वाचावा लागला. "इट इज लर्न्ट दॅट द डिसीज्ड फेल फ्रॉम अ ट्री. साहेब, तो झाडावरून पडल्याचं कळतं, असं सरकारी कागद म्हणतो. कोणाकडून कळलं? आधी तुम्ही तुमच्या सांगणाऱ्याचं नाव सांगा. मग मी माझ्या सांगणाऱ्याचं सांगते. माझ्या माणसाला जिवाची भीती आहे. तुमच्या माणसाला कशाची भीती होती?"

अधिकाऱ्यांनी अहवाल उलटून पाहिला. खाली साक्षीदारांची जागा रिकामी होती. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि पाड्यावरच्या प्रत्येक बाईला एकेकटं आत बोलावलं. प्रत्येकीला सारखाच वेळ ठेवलं. आत कोण काय बोलली, ते दारातल्या माणसांना कळायला मार्गच उरला नाही.

ही युक्ती अधिकाऱ्यांना बाहेर पडता पडता अक्कांनीच सुचवली होती, हे मला पुढे कळलं.

झाडावरून पडल्याचं वाक्य खोडलं गेलं. मारणाऱ्यांतल्या दोघांना अटक झाली. ठेकेदाराला झाली नाही. जमनाचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. अक्कांचं मात्र आता सगळ्यांना माहीत झालं. क्लासच्या पत्र्यावर दगड पडू लागले. पालकांनी मुलं काढून घेतली. मंगलाबाई ओट्यावर बसेनाशा झाल्या.

भाऊ दीपनगरला वीजकेंद्राच्या वसाहतीत होता. त्याच्याकडे निघाल्या तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेले. त्यांची पिशवी माझ्या हातात होती.

"भीती गेली का, अक्का?"

"कुठं जातेय. उलट वाढली." त्या गाडीच्या पायरीवर थांबल्या. "पण पडद्यामागं कोणाला उभं करायचं, ते तरी आपण ठरवावं. गरीब माणूस आत, आपण बाहेर. साहेबांनी नेमकं उलटं केलंय."

त्या दीपनगरलाच वारल्या. मला उशिरा कळलं. मी पत्रकं अजून लिहिते आणि मारणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीतच घालते. त्यात बदल नाही.

पाड्यावर मी अधूनमधून जाते. ठेकेदाराचा मुलगा आता तिथे लाकूड उचलतो. बायका अजून मोहाची फुलं वेचतात. त्यांतल्या एकीला नातवंडं झाली आहेत. वर मी तिला जमना म्हटलं, तिचं नाव जमना नाही. पाड्याचं नावही मी लिहिलेलं नाही, आणि कोणी विचारलं तरी सांगणार नाही.