शर्यतीसाठी लावलेला हलका धान

कापलेल्या धानाचा वास आला की मला मोटारींची शर्यत आठवते. दिल्लीजवळ नवा ट्रॅक झाला, तेव्हापासून आमच्या केशोरी गावातला माझा मोठा भाऊ टीव्हीला चिकटला. शर्यत नेमकी ऑक्टोबरच्या शेवटी, आमच्या कापणीत, म्हणून तीन वर्षं त्याला जाता आलं नाही. चौथ्या वर्षी त्याने शेतातल्या सगळ्या बांध्यांत लवकर पिकणारा हलका धान लावला. दिवाळीसारखी शर्यतही दरवर्षी येणारच, असं तो धरून चालला होता. रोवणी चालू असतानाच मी फोनवर पाहिलं, त्या वर्षीच्या शर्यतींच्या वेळापत्रकात दिल्लीची शर्यतच नव्हती. तो चिखलात गुणगुणत होता. मी फोन कमरेला खोचला. कापणी लवकर आटोपली, तेव्हा तो म्हणाला, "आता दिल्लीचं तिकीट काढून दे वं बाई." मग मी सांगितलं, यंदा तिथे शर्यतच नाही, रोवणीतच पाहिलं होतं. त्याने विळा पुसला. "तुले ठाऊक होतं, मंग सांगतलं काऊन नाही?" मी कापलेल्या बांधीकडे पाहत राहिले. परवा शर्यतींच्या पुढच्या हंगामाचं वेळापत्रक पाहिलं. एक नवं शहर आलंय, आपल्याकडचा ट्रॅक नाही. दादा अजूनही हलकाच धान लावतो. काऊन, ते मी विचारत नाही.