बाईनं मामाचं नाव सांगितलं

माझ्या बहिणीनं सख्ख्या मामाला जेलमध्ये पाठवलं होतं.

आज सकाळी ती गेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून "सोशिक", "प्रेमळ" असे मेसेज येतायत.

सोशिक? आमची बाई?

राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

मोठ्या बहिणीला आम्ही 'बाई' म्हणायचो. तिचं सासर हिंगणघाटातच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची असेल. मी बारा वर्षांची.

तेव्हा दारूबंदी होती.

म्हणजे दारू होतीच. फक्त दुकान नव्हतं.

वणा नदीच्या काठानं भट्ट्या लागायच्या. त्यातली एक आमच्या मामाची. मोहाची गाळायचा. घरात सगळ्यांना माहीत, बोलायचं कोणीच नाही.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. मटणाचा आणि पिण्याचा दिवस. त्या वर्षी गिऱ्हाईक जास्त झालं, माल कमी पडला. मामानं लाकडाच्या पॉलिशचं स्पिरिट मिसळलं.

हे आम्हाला नंतर कळलं.

करीच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी उठले आणि म्हणाले, "अजून उजाडलं नाई का वं?"

अंगणात लख्ख ऊन होतं.

मग उलट्या सुरू झाल्या. श्वास भात्यासारखा. शेजारच्या गणपतचीही तीच गत. दोघं सोबतच प्यायले होते.

गणपतचा बाप धावत आला. "दवाखान्यात नको नेऊ पोरी. दारू पेला म्हटलं का पोलीस येते. नोकरी जाईन. ताक पाज, उतरन."

"अन् नाई उतरली तं?"

बाईनं समोरून जाणारी बैलबंडी थांबवली, भाऊजींना त्यात घातलं आणि निघाली.

बातमी आमच्या घरी पोचली. मायनं माझा दंड धरला.

"धावत जाय, सुमे. बाईले सांग, डाक्टरले हैजा हाय म्हन. माह्या भावाचं नाव तोंडातून काढजो नको म्हन!"

मी धावले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर बाईला विचारत होते, "काय प्यायले? कुठून आणली?"

मी तिच्या कानात मायचा निरोप सांगितला, कॉलरा झाला म्हण, मामाचं नाव काढू नको.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना विचारलं, "खरं सांगितलं तं हे वाचतीन का?"

"यांचं आत्ताच नाही सांगता येत. पण अजून कोणी तीच दारू प्यायलं असेल, तर त्यांना वाचवता येईल."



ह्याच मामानं तिला खांद्यावर बसवून गिरडच्या टेकडीवर नेलं होतं. लग्नात बोहल्यापर्यंत तिला त्यानंच आणलं होतं.

आत भाऊजी कण्हत होते.

"माह्या मामानं देल्ली," ती म्हणाली.

नाव, गल्ली, भट्टीची जागा. सगळं सांगितलं.

दुपारपर्यंत पोलिसांनी उरलेला डबा पकडला. घराघरांत ताक पीत पडलेल्या सात जणांना उचलून दवाखान्यात आणलं. सातही वाचले.

गणपत गेला. त्याला घरातून हलवायला फार उशीर झाला होता.

भाऊजी वाचले. डोळे गेले ते गेलेच.

मामाला सजा झाली. सुटल्यावर तो हिंगणघाटात परत आला नाही. माय बाईशी अकरा वर्षं बोलली नाही. बाजारात समोर दिसली तरी रस्ता बदलायची.

आणि ते सात जण? त्यांच्यातलंही कोणी तिच्या दारात आलं नाही. पिणाराही गुन्हेगारच होता ना, त्यांच्यावरही केस झाली होती.

बाई जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाऊ लागली. भाऊजी हातानं चाचपून खाटा विणायला शिकले. तिन्ही पोरं शिकली, नोकरीला लागली.

तिला रडताना मी कधी बघितलं नाही. बरोबर केलं की चूक, हेही कधी बोलली नाही.

तो निरोप मात्र माझ्या मनात रुतून बसला. तिचा नवरा आत मरत होता आणि मी तिला खोटं बोल म्हणून सांगायला गेले होते.

मागच्या वर्षी शेवटी विचारलंच. "बाई, तवा माह्या राग आला असन ना तुले?"



"तुह्या काऊन राग येईन? एवढ्या उन्हात अनवाणी धावत आलती तू. तुले घोटभर पानी पाजाचं राहून गेलं. तेच मनात राह्यलं माह्या."

बाई, तुला माझा शेवटचा नमस्कार.

तुझी सुमी