गायरानासाठी मी लिहिलेला अर्ज

गावात युवा केंद्र व्हावं हा विचार माझा होता. हे आधीच सांगतो, कारण गोष्ट अंगाशी आली तेव्हा मी बरेच दिवस 'आम्हा पोरांचा विचार' असं म्हणत होतो.

मी गेवराईला कॉलेजात जातो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. कॉलेजच्या शिबिरात एका गावात मी पोरांसाठी बांधलेली खोली पाहिली होती. तिथे टेबलं, पंखा, वर्तमानपत्रं आणि भरतीची पुस्तकं होती. आमच्या गावातली पोरं पुलाच्या कठड्यावर मोबाइल बघत बसतात. मला वाटलं, आपल्याकडे का नको? शाळेमागचं गायरान मोकळं होतं आणि त्याहून सपाट जागा गावात दुसरी नव्हती.

जानेवारीत मी आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे कॉलेजातलेच तीन मित्र टेप घेऊन मापं घ्यायला गेलो. शाळेच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात मेढी रोवायचे खड्डे होते. जवळ चुलीचे तीन दगड होते आणि जमिनीचा एक तुकडा सारवल्यासारखा घट्ट होता.

ती माझ्या चुलत्याची जागा होती. वाटणीत त्यांच्याकडे एकच खोली आली आणि त्यांच्या मुलाचं लग्न झाल्यावर ती त्याला दिली. तेव्हापासून चुलता-चुलती तोडीवरून आले की याच जागी कोपी, म्हणजे चटयांची झोपडी, घालतात आणि पुन्हा तोडीला जाईपर्यंत तिच्यातच राहतात. जाताना बांबू, चटया, ताडपत्री सगळं ट्रॅक्टरवर टाकून नेतात, कारण कारखान्यावरही तीच कोपी उभी करायची असते. त्यामुळे जानेवारीत त्यांचं घर गावात दिसत नाही.

"हे खड्डे कशाचे बे?" एका मित्राने विचारलं.

"आसंल कोणाचं तरी जुनं," मी म्हणालो. मग मी पायानेच माती लोटून खड्डे बुजवले आणि दगड उचलून बाभळीखाली ठेवले.

मी असं का केलं, याचा नंतर पुष्कळ विचार केला. जागा अडेल ही भीती होती, पण ती दुसरी. पहिली गोष्ट अशी की माझं सख्खं माणूस कोपीत राहतं हे मला त्या तिघांसमोर तोंडाने म्हणायचं नव्हतं. कॉलेजात वडिलांचं काम विचारलं की मी 'शेती' सांगतो. तीच सवय.

अर्ज मीच लिहिला. 'सदर जागा रिकामी असून कोणाच्याही वापरात नाही' हे वाक्य माझं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो मी वाचलाही. लोकांनी ऐकून घेतलं. सरपंच म्हणाले, "बघा, शिकलेलं पोरगं कसं काम करतंय. कोणाची हरकत?" कोणाचीच नव्हती. हरकत घेणारे सगळे उसाच्या फडात होते आणि उरलेल्यांना कोणाची कोपी आठवली नाही. टाळ्या वाजल्या आणि मला लई बरं वाटलं.

मार्चमध्ये जेसीबी आला. जागा सपाट झाली, पाया खणला, दगड येऊन पडले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर परतला. मी शाळेजवळच होतो. चुलती बोचकं घेऊन उतरली आणि पायाच्या चरापाशी उभी राहिली.

"हे कशाचं काम काढलंय?"

"युवा केंद्र हाय काकू," माझा मित्र उत्साहाने म्हणाला. "तुमच्या पुतण्यानंच केलंय समदं!"

चुलतीने माझ्याकडे पाहिलं. ती हसली. "लई चांगलं झालं की. पोरांला बसायला जागा झाली." मग म्हणाली, "आमी कुटं बसावं, तेवढं सांग."

मी म्हणालो, "बघतो." त्यांनी सामान आमच्या अंगणात उतरवलं. अंगणात खाट टाकली की वाट उरत नाही, इतकी ती जागा. चुलता ताडपत्रीखाली झोपायचा आणि सकाळी आमच्या आधी उठून अंथरूण गुंडाळून ठेवायचा, कोणाच्या पायात नको म्हणून.

एक मेच्या सभेला मात्र पूर्ण गाव होतं. चुलता उठला. त्याला सभेत बोलायची सवय नाही. "आमी कैक वर्सं तिथं ऱ्हातो. आमाला कोणी इचारलं न्हाई," एवढंच म्हणाला. ग्रामसेवकांनी फाइल उघडून माझं वाक्य मोठ्याने वाचलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो आणि म्हणालो, "माझ्याकडून माहिती अपुरी राहिली."

मित्रांनी मान हलवली. सरपंच म्हणाले, "पोरगं हाय, चुकायचंच." आणि चुलता, ज्याचं घर गेलं होतं तो, हात जोडून म्हणाला, "त्याच्यावर राग न्हाई. त्यो कालेजात आसतो, त्याला काय म्हाईत?"

त्यांना नाल्याकडची पट्टी द्यायचं ठरलं. जमीन सखल, वर गावाचं सांडपाणी तिकडूनच जातं. चुलता तेही बरं म्हणाला.

घरी जाताना आई म्हणाली, "म्हाईत न्हवतं तुला?"

मी पावलं भराभर उचलायला लागलो.

"मी इचारते हाय."

"होतं."

"मग त्येच्यासमोर कावून न्हाई बोललास? त्यो तुझ्यापाई हात जोडत होता."

दुसऱ्या दिवशी मी नाल्याकडे गेलो. चुलता बांबू बांधत होता. खड्डे बुजवले ते, दगड हलवले ते, पोरांसमोर लाज वाटली ते, मी सगळं सांगितलं. चुलत्याचे हात थांबले.

"आमची लाज वाटली?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. चुलती मागे भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही. चुलत्याने सुतळीची गाठ आवळली आणि म्हणाला, "मग जा, सरपंचाला सांग. मला न्हाई, त्येला सांग. मला सांगून घर थोडंच परत येतंय."

मी गेलो. दुसरा अर्ज लिहून दिला. 'सदर जागा वापरात होती व ही बाब अर्जदारास माहीत होती' असं त्यात लिहिलं. सरपंचांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं, तशा नजरेने सव्वीस जानेवारीला कोणी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पाया झालाय बाबा. आता पंधरा ऑगस्टच्या सभेत बघू. हे तुला समद्यांसमोर वाचावं लागंल."

मित्र माझ्याशी बोलत नाहीत. एकाने निरोप पाठवला, "त्यो अर्ज वाचलास तर केंद्र गेलं, आणि तुझं नाव बी."

ऑगस्टपर्यंत चुलता-चुलती नाल्याकडेच राहणार. गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला तेव्हा सकाळी मी गेलतो. चुलती परातीने पाणी उपसत होती. मी दुसरी परात घेतली. ती मला ये म्हणाली नाही आणि जा पण म्हणाली नाही. आम्ही दोघं दुपारपर्यंत पाणी काढत होतो.