हाताने लावलेला षड्ज

रेडिओच्या ऑडिशनला परीक्षक दुसऱ्या खोलीत बसून नुसतं ऐकतात, गाणारा त्यांना दिसत नाही. म्हणून तयारीसाठी मी मोबाइलवर स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ केला आणि मोबाइल पालथा घालून ऐकायला बसले. वरचा षड्ज चक्क कमी होता. पुन्हा ऐकला, तरी कमीच. मग मोबाइल सुलटा करून चित्रासकट पाहिलं, तर तोच षड्ज बरोबर लागल्यासारखा वाटला!

लबाडी हाताची होती. गळा थांबत होता तिथून पुढे हात एकटाच वर जात होता, बोटं हळूच उघडत होती, आणि बघणाऱ्याला वाटत होतं की सूर पोचला. तीस वर्षं लोकांनी माझ्या हाताला दाद दिली आणि ती मी गळ्याच्या नावावर घेतली. स्वतःला ऐकायला बसू नये माणसाने. इतकं वाईट दुसरं कुणी आपल्याशी वागत नाही.

संध्याकाळी क्लासच्या मुली आल्या. मी डोळे मिटून एकेकीला वरचा षड्ज लावायला सांगितला. पाच जणींचा कमी, अगदी माझ्याइतकाच. सहाव्या सानिकाचा मात्र लख्ख लागला. मी डोळे उघडले. तिचा हात मांडीवर होता.

"हात कुठे गेला?"

"विसरले, बाई."

तिने हात माझ्यासारखा उचलला आणि पुन्हा गायली. षड्ज किंचित उतरला.

"आता बरोबर," मी म्हणाले.