पेटीबंद राउटर

गंगावेशीतल्या शांतव्वाला उघडं पडलेलं काही बघवत नाही. नवरा गेल्यावर पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान तिनं एकटीनं चालवलं आणि त्या धंद्यानंच तिला ही खोड लावली. वस्तू दिसली की तिच्या मापाची पेटी. चष्म्याला पेटी, औषधांना पेटी, टीव्हीच्या रिमोटलासुद्धा कडीकोयंड्याची पेटी. बाई चांगली, पण हात ठरत नाहीत.

त्या दिवशी तर जीवही ठरत नव्हता. लेक दानेश्वरी पुण्याच्या कंपनीत. महिनाभर कोल्हापुरातून काम करून दाखव, मग बघू, असं तिच्या मॅडमनी सांगितलं होतं. महिना सरत आला, आणि दुकानातल्या राउटरची रेंज वरच्या खोलीत पुरत नव्हती; बोलता बोलता पडद्यावर तिचा चेहरा थिजायचा. दुपारी शेवटची मीटिंग. तीही तुटली तर पोरगी परत पुण्याला.

"खाली दुकानात बसून बोल की," शांतव्वा म्हणाली.

"आणि तुझी ठोकाठोकी मॅडमला ऐकवू?"

माळ्यावर एक जुना राउटर पडून होता. तो जिन्याच्या वर, खोलीच्या दाराबाहेर ठेवायचा आणि दुकानातल्या राउटरपासून त्याला वायर आणायची, असं दानेश्वरीनं ठरवलं. भिंतीला भोक शांतव्वानंच पाडलं. वायर ओढत वर आली आणि जुन्या राउटरच्या इंटरनेट लिहिलेल्या खाचेत खुपसायला निघाली.

"तिथं न्हाय, अव्वा. शेजारच्या कुठल्याबी."

"इंटरनेट लिवलंय, आणि इंटरनेट त्यात घालायचं न्हाय?"

"कारभार खालचाच बघणार. ह्यानं नुसतं वर पोचवायचं."

दानेश्वरीनं लॅपटॉप जोडून जुन्याचा नेटवर्कमधला पत्ता बदलला, म्हणजे दोघांची टक्कर व्हायला नको. फोनना पत्ते वाटायचं त्याचं काम बंद केलं. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालचाच दिला.

"झालं का?"

"तू इचारतीस तवा चुकतंय."

शेवटी फोनवर रेंज भरली. दानेश्वरी जेवली आणि दार लावून मीटिंगला बसली.

शांतव्वानं तिथून हलायला हवं होतं. पण राउटर उघडा, वर कबुतरं, जिन्यात धूळ. तिनं खाली दुकानात पत्र्याची पेटी केली, वायरींपुरत्या खाचा ठेवल्या, वर आणून राउटर आत बसवला आणि खाचांवर पट्टी लावून आवाज न करता चिमट्यानं रिबिटं दाबली. झाकण लावलं.

खोलीतून दानेश्वरीचा आवाज आला, "हॅलो? मॅडम, ऐकू येतंय?"

शांतव्वाला वाटलं, वायर निसटली असणार. दिवे बघायला तिनं झाकण उघडलं.

"हां, आता येतंय."

दिवे लागलेले होते. तिनं झाकण लावलं.

"हॅलो? हॅलो?"

उघडलं. आवाज सुरू, पण अडखळत. मग तिला कळलं. पत्र्यानं धूळ अडते तशी रेंजही अडते, आणि पत्रा तिचाच. राउटर बाहेर काढावा तर पट्टीखाली वायरी अडकलेल्या. वायर उपसली तर मीटिंगच संपली. ती खाली धावली, पत्रा कापायची कात्री घेऊन वर आली आणि चालू राउटरभोवतीची पेटी कापत सुटली. पत्र्याची किरकिर घरभर. बोटाला लागलं, तिनं बघितलंही नाही.

आत दानेश्वरी म्हणत होती, "माझी आई आहे, मॅडम. पत्रा कापतेय. नाही, रोज वर नसते."

पुढं आवाज तुटला नाही. शांतव्वा पायरीवर बसली, उठली, परत बसली. दार उघडलं तेव्हा ती उभीच होती.

"काय म्हणाल्या?"

"आणखी तीन महिने दिले. बोट बघू."

"बोट असू दे. तीनच?"

"अव्वा, आज मीटिंग तुटली असती तर जायाला लागलं असतं मला. आता न्हाय जायाचं."

पदरात बोट गुंडाळत शांतव्वा जिना उतरू लागली.

"तीन म्हयन्यानं मे येतोय. मेमधी वरची खोली तापती. तुला खालच्या मागच्या खोलीत बसवायला पायजे. आणखी एक वायर लागंल. चल, मापं घिऊ."