हौसाचा तांबड्या

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं लसूण सोलत बसलो होतो. दुपारी पोस्टमननं जपानचं पाकीट दिलं होतं, ते देव्हाऱ्यापाशी तसंच बंद. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती सीडी घरात आली, आणि ही बया तिला हात लावेना. मी म्हटलं, फोड की. तर म्हणाली, "आज अमुशा हाय. नवी वस्तू अमुशेला फोडत्यात व्हय? उद्या सकाळी कुकू लावू, मग ऐकू."

हौसा म्हणजे माझी बायको. मंचरच्या अलीकडं, रस्त्याला आमची खानावळ. एका कारखान्यात मशीन बसवायला एक जपानी साहेब आला होता, तो आमच्याकडं जेवायचा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण पिठल्याला कधी नको म्हणाला नाही. कानात कायम वायर. एकदा हौसानं ती ओढून स्वतःच्या कानात घातली. आत त्यांच्याकडचा एक रॉकवाला जीव तोडून ओरडत होता. मला वाटलं, आता फेकते. तिनं गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ह्याचं कायतरी हरवलंय, पावणं. उगं कोन असं वरडत न्हाई."

जाताना साहेबानं तिला त्याच गाणाऱ्याची सीडी दिली. मागं आकडा छापलेला. खुणा करून सांगितलं, अशा मोजक्याच काढतात, संपल्या की संपल्या. मला काही उमगलं नाही, तिला लगेच कळलं. आहुप्याला तिच्या माहेरी एक आंबा आहे, त्या एकाच झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं ती घालायची. तेही संपलं की संपलं. मग तिकडं अशी मोजकी सीडी निघाली की साहेब एक पाठवायचा, इकडून लोणच्याची बरणी जायची. पुढं तर बाई बरण्यांवरही आकडे टाकायला लागली. गिऱ्हाईकानं जास्तीची फोड मागितली की म्हणायची, "मोजकंच काढलंय."

गाणाऱ्याचे केस तांबडे, म्हणून तो तांबड्या. नव्या सीडीवरचा फोटो बघून त्याची तब्येत ठरवायची. वाळलाय म्हणायची, बायको खायला घालत नसंल. मी विचारायचो, एक शब्द कळत नाही, ऐकतेस काय? त्यावर तिचं ठरलेलं, "तुमचं तरी कुठं कळतंय? ऐकतेच ना."

एकदा पुण्याचा एक शौकीन माणूस चौकशी करत आला. तोही याच सीड्या जमवायचा. तिच्या सीड्यांची रांग बघून तो एकेक उचलून आकडे वाचायला लागला, आणि प्रत्येकीवर हळदकुंकू बघून त्यानं डोकंच धरलं. मावशी, वाटोळं केलंत, म्हणाला. हौसा म्हणाली, "नव्या वस्तूला कुकू लावलं न्हाई तर ती पावणी ऱ्हाती, घरची व्हत न्हाई. मोटरीला लावलं, म्हशीला लावलं, जावयाला लावलं. ह्यानं काय घोडं मारलं?" वर त्याला बसवून जेवायला वाढलं.

मग दोन वर्षं काहीच आलं नाही. तांबड्याचा घसा बसला असंल म्हणून तिनं देवीला नारळ बोलला. माझ्या खोकल्याला तिनं कधी साधी खडीसाखर बोलली नव्हती.

देवी पावली ती नेमकी अमावस्येला. लसूण सोलून झाल्यावर तिनं पाकीट उचलून नाकाला लावलं, हुंगलं, परत ठेवलं आणि आडवी झाली.

सकाळी चुलीचा धूर दिसेना म्हणून मी उठवायला गेलो. हात लावला, तर गार.

देव्हाऱ्यापाशी गेलो, पाकीट फोडलं. तिचा करंडा उघडला. वस्तूला कुंकू लावायचं काम मी जन्मात केलं नव्हतं, तांबड्याच्या कपाळाचं नाकावर गेलं. सीडी लावली, सीडीचं मशीन तिच्या उशाशी आणून ठेवलं आणि आवाज होता तेवढा मोठा केला.

शेजारी पळत आले. मला कुणाला हाक मारावी लागली नाही.